इंदापूरचा खोटा निरोप

त्या उन्हाळ्यात मी फार दमलेली होते. विशी ओलांडलेल्या पोरीला दमायला काय झालं, असं तेव्हा सगळे म्हणायचे आणि आता तुम्हीही म्हणाल, पण दमायला वय लागत नाही. पहाटे गोठ्यात साखळ्या वाजल्या की उठायचं, आईच्या शेजारी बसून धारा काढायच्या, किटल्या डेअरीला गेल्या की शेणघाण, मग भाकरी, मग पळत जाऊन बारामतीची एस.टी. धरायची. कॉलेजात पहिल्या तासाला मी बसल्या बसल्या पेंगायची. हाताला दुधाचा वास यायचा, तो शेजारणीला येऊ नये म्हणून मुठी मिटून बसायची. अशीच मराठी घेऊन बी.ए. झाले. निकाल लागला त्या दिवशी आईनं देवापुढं साखर ठेवली, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "म्हशीला पेंड घातलीस का गं?" झालं. एवढाच समारंभ.

आमची वस्ती पणदऱ्याच्या शिवारात, गावापासून थोडी बाजूला. घर मोठं नव्हतं पण आवाज फार. विहिरीवरची मोटर, कडबा कापायचं यंत्र, म्हशींचं रेकणं, आणि या सगळ्यावर चढून बोलायची सवय लागलेली माणसं. आमच्याकडं साधं "मीठ दे" म्हटलं तरी परक्या माणसाला भांडण लागलंय असं वाटायचं. वारा कारखान्याकडून आला की मळीचा वास घरभर पसरायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला त्याशिवाय चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. उन्हाळ्यात दुपारी ताकात कुस्करलेली शिळी भाकरी, कांदा आणि ठेचा. रात्री हुलग्याचं माडगं. आता बारामतीत माझे डॉक्टर मला हेच खा म्हणून सांगतात, आणि असं सांगतात की जणू त्यांनीच शोधून काढलंय. मी "बरं" म्हणते. या वयात वाद घालायला अंगात बळ लागतं, ते मी दुसऱ्या कामांसाठी राखून ठेवते.

वडिलांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. उसाला पाणी देऊन देऊन त्यांच्या तळपायाची कातडी पांढरी पडलेली असायची आणि ओसरीवर टेकले की पहिल्यांदा ते पाय लांब करून बघत बसायचे, जणू दुसऱ्या कोणाचे आहेत. बोलणं कमी. रागावणंही कमी, रागावायलाही उसंत लागते. थोरला भाऊ दत्तादादा शेतात त्यांच्या बरोबरीनं, आणि आई मात्र एकटी घरातल्या सगळ्यांच्या वाटणीचं बोलून टाकायची.

नाटकाचं कसं डोक्यात शिरलं, हे मला लोक अजून विचारतात. त्यांना वाटतं, मी लहानपणी अंगणात पडदा लावून प्रयोग करत असेन. कसले प्रयोग! नाटकाची तालीम कॉलेज सुटल्यावर असायची आणि माझी गाडीही सुटल्यावर लगेच. मी दप्तर काखेत मारून हॉलच्या दारात जरा वेळ उभी राहायची, आत पोरं हातवारे करत असायची, आणि मग गाडीसाठी पळायची. कोणतंही नाटक मी सुरुवातीपलीकडं पाहिलेलं नव्हतं. पण एकदा मराठीच्या बाईंनी मला वर्गात उतारा वाचायला उभं केलं. मी वाचला. वाचून झाल्यावर मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प होती. बाईंनी तास संपल्यावर मला बोलावलं आणि सांगितलं, की पुण्याला विद्यापीठात नाटकाचं शिक्षण असतं, पदवी झालेल्या कोणालाही अर्ज करता येतो. "आधी नाटक शिकलेलं असलंच पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या, "पण येणाऱ्यांपाशी काही ना काही असतंच. तुझ्यापाशी काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तसंच लिही." अर्जात नाटकाचा अनुभव विचारला होता, बक्षिसं विचारली होती, शिबिरं विचारली होती. मी सगळीकडं "नाही" लिहिलं. लिहून लिहून त्या शब्दाचाच कंटाळा आला.

घरी सांगितलं तेव्हा आई परातीत पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाटकात शिकायचं काय असतं गं? रडायला आन् हसायला मास्तर लागतो व्हय?" आबा कोड्यात पडले. कारण त्याच महिन्यात जळोचीचे लोक मला बघून गेले होते. मुलगा बारामतीत नोकरीला, घर स्वतःचं, माणसं सरळ. मला पसंत करून ते आमच्या उत्तराची वाट बघत होते. मला मुलगा वाईट वाटला नव्हता, हेही सांगून टाकते. त्यानं मला फक्त एवढंच विचारलं होतं, "दूधदुभत्याची सवय आहे ना?" आणि मला एकदम इतकं दमल्यासारखं झालं होतं, की तिथंच पाटावर आडवं व्हावं.

दोन-तीन दिवस आबांनी ते मनात घोळवलं. मग एका संध्याकाळी पाय लांब करून बसले असताना म्हणाले, "शालन, एक डाव जाऊन ये पुण्याला. त्यांनी घेतलं तर जा, मी आडवा यायचा न्हाय. न्हाय घेतलं तर जळोची. मंग पुन्यांदा हा इषय काढायचा न्हाय. कबूल?" मी म्हटलं, "कबूल." आईनं कपाळावर हात मारला. दत्तादादा म्हणाला, "आबा, हिला घेतील तवा म्हशी गाणं म्हणतील." कोणी हसलं नाही, मीसुद्धा नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हाही घरात कोणी आनंदलं नाही, कोणी चिडलं नाही, आईनं फक्त विचारलं, "त्या दिवशी धारा कोण काढणार?"

आणि मग आबांच्या डोक्यावर कावळा बसला.

भर दुपारी विहिरीवरच्या लिंबाखालून येत होते. कावळ्यानं मागून येऊन डोक्यावर झडप घातली, टोपी पडली, टाळूला टोच मारली आणि वर फांदीवर जाऊन ओरडत बसला. आता मला कळतं, की त्या दिवसांत कावळ्यांची पिल्लं घरट्यात असतात आणि खालून जाणाऱ्या कोणालाही ते असंच करतात. आबांनाही तेव्हा कळत होतं. "घरटं हाय वर, दुसरं काय न्हाय," असं म्हणतच ते घरात आले. पण आईनं टाळूवरचं रक्त बघितलं आणि तिच्या हातातलं भांडंच खाली पडलं.

आमच्याकडं माणसाच्या डोक्याला कावळा शिवला, की ते मरणाचं बोलावणं समजतात. त्याला एकच उतारा असतो. त्या माणसाच्या रक्ताच्या नातेवाइकाकडं खोटा निरोप धाडायचा, की तो गेला. नातेवाईक रडला, खरी आसवं जमिनीवर पडली, की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते मागं फिरतं. मग खरं सांगायचं, तोंडात साखर घालायची. पण निरोप नेणाऱ्यानं आसवं पडेपर्यंत खरं बोलायचं नाही, हसायचं नाही, त्या घरचं पाणी प्यायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, निरोप सांगितला आणि कोणीच रडलं नाही, तर तो उलटतो. मग सांगितलेलं खरं होतं. हल्ली हे सगळं फोनवर उरकतात. पलीकडचा माणूस विचारतो, "कावळा का?" आणि मग रडण्याचं नाटक करतो. त्यानं मरण फसत असेल असं मला तरी वाटत नाही.

निरोप जायचा तो इंदापूरला, कमळाआत्याकडं. आबांची ही थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा आत्यानंच आबांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिच्याशिवाय खरं रडणार कोण? प्रश्न होता नेणार कोण. आई गेली असती तर रस्त्यातच रडली असती, आणि दत्तादादा खोटं बोलायला लागला की त्याचे कान हलायचे, हे सगळ्या पाहुण्यांना माहीत होतं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आई म्हणाली, "नाटकाला जायचंय न्हवं तुला? मंग जा." आबा ओसरीवर हळद लावलेलं डोकं धरून बसले होते. लाजल्यासारखे झाले होते, त्यांना हे सगळं पटत नव्हतं आणि मोडवतही नव्हतं. मी चपला घातल्या तेव्हा हळूच म्हणाले, "कमळाला लई येळ रडू दिऊ नगंस. तिला दम लागतो."

बारामतीहून इंदापूरची गाडी उन्हानं तापलेली होती, पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. खिडकीशी बसून मी रडायचा सराव करायला लागले. सगळ्या दुःखाच्या आठवणी काढल्या. मेलेली रेडी आठवली, कॉलेज संपलं ते आठवलं, जळोची आठवली. डोळ्यांत काही येईना. शेजारची बाई म्हणाली, "पोटात दुखतंय का गं?" तेव्हा मी सराव बंद केला. काय बोलायचं तेही ठरेना. "आत्या, आबा गेले" असं मनात म्हणून बघितलं, तर ते मलाच खोटं वाटलं. इंदापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्यापाशी रडणं नव्हतं, वाक्य नव्हतं, फक्त घाम होता.

आत्याचं घर बाजाराच्या मागं होतं. आत्याचे यजमान कचेरीत कामाला, ते दिवसभर बाहेर. आत्या गच्चीवर कुरडया घालत होती. बाजेवर धोतर अंथरलेलं, पातेल्यात गव्हाचा चीक शिजून तयार, आणि ती सोऱ्या दाबून पांढरीशुभ्र चक्रं टाकत होती. कोपरापर्यंत हात चिकानं माखलेले. मला बघून एकदम फुलली. "शालन! आगं, आयत्या वेळेला आलीस. धर हा सोऱ्या, माझं खांदं मोडलं." मी बसले. सोऱ्या धरला. दाबलासुद्धा. आत्या बोलत होती, भाव वाढले, माकडं आली, यजमानांचे दात दुखतात. एक कुरडई झाली, दुसरी झाली. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं, की हे खरं असतं तर मी आत्ता काय केलं असतं? आणि मला कळलं की मी ओरडले नसते. मी आधी तिचे हात बघितले असते.

मी सोऱ्या खाली ठेवला आणि म्हटलं, "आत्या, हात धुऊन घे."

"आत्ता? चीक घट्ट हुईल की."

"होऊ दे. हात धू. पणदऱ्याला जायचंय."

एवढंच बोलले मी. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा, अजून सांगवत नाही, हळूहळू उतरत गेला. चिकाचे हात तसेच स्वतःच्या तोंडावर मारून घेतले आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीवर बसली. "माझ्या बाळू रं," म्हणाली. आबांना बाळू म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. "कडंवरनं उतरत न्हवतास की रं माझ्या. मला न इचारता कसा गेलास रं." आवाज काढून, हेल काढून, पोटातून. शेजारच्या गच्चीवरची बाई धावत कठड्याशी आली. आत्याचे डोळे वाहत होते, गालावरचा चीक ओला होऊन फरशीवर ठिपके पडत होते. मी ते ठिपके बघितले आणि तिच्या गळ्यात पडून ओरडले, "आत्या, हायत! आबा हायत, धडधाकट हायत! कावळा शिवला नुसता!"

तिला समजायला वेळ लागला. मग तिनं मला जी थोबाडीत ठेवून दिली, तिचा आवाज शेजारच्या बाईनंही ऐकला. मग मिठी मारली, मग परत एक चापट, मग हसायला लागली, आणि हसता हसता खरोखरच दम लागला तिला. खाली नेऊन मी पाणी दिलं, साखर तिच्या तोंडात घातली. थोड्या वेळानं तिनं पातेल्यातला उरलेला चीक वाटीत काढला, त्यात दूध-गूळ घातला आणि माझ्यापुढं ठेवला. "खा. मेले, तुझ्या तोंडाकडं बघितलं आन् मला खरंच वाटलं. कुणी शिकीवलं तुला हे?" मी म्हटलं, "कोणी नाही." आणि त्या दुपारी पहिल्यांदा मला वाटलं, की ह्या "नाही"ला काहीतरी किंमत असेल. दुसऱ्या दिवशी आत्या माझ्याबरोबर पणदऱ्याला आली, आबांना डोळ्यांनी बघितलं, त्यांचा कान धरून पिळला आणि जेवायला बसली.

मुलाखतीला मी एकटी गेले. पहिल्या गाडीला आबांनी बसवून दिलं, खिडकीतून डबा दिला आणि म्हणाले, "नीट बोल. घाई करू नगंस." विद्यापीठातल्या त्या व्हरांड्यात पोरापोरींची रांग होती. सुती झोळ्या, मोकळे केस, मोठ्यानं हसणं. प्रत्येकाला प्रत्येकाचं नाटक माहीत. एक पोरगा भिंतीकडं तोंड करून "आऽ, ऊऽ, ओऽ" करत होता; आमच्याकडं म्हैस असं करायला लागली तर जनावराच्या डॉक्टरला बोलावतात. मी डबा मांडीवर धरून बसले. इतकी झोप येत होती, की आपलं नाव पुकारलं नाही तरी चालेल असं एका क्षणी वाटून गेलं. मग जळोचीच्या लोकांपुढचा पाट आठवला आणि ताठ बसले.

आत तिघं होती. जाड चष्म्याचे एक सर, पांढऱ्या केसांच्या एक बाई, आणि तिसरे नुसते कागद सरकवणारे. कॉलेजच्या बाईंनी दिलेला एका आईच्या भाषणाचा उतारा मी पाठ केला होता. म्हणून दाखवला. मधे दोनदा अडखळले, आणि जिथं रडायचं होतं तिथं आवाज उगाच वर गेला. सरांनी घड्याळ बघितलं. "याआधी कुठं काम केलंय?" "नाही." "शिबिर, स्पर्धा?" "नाही." "नाटकं पाहिलीत?" "जत्रेत. लांबून." "बरं," सर म्हणाले. ते "बरं" मला ओळखीचं होतं. दूध नासलेलं निघालं की डेअरीवाला असंच "बरं" म्हणून किटली बाजूला सारायचा.

माझी किटली बाजूला झाली होती. मी उठणार, तेवढ्यात त्या बाईंनी विचारलं. त्याही दमलेल्या दिसत होत्या, सकाळपासून उतारे ऐकून कोणीही दमेल. "तुमचं खोटं कधी कोणाला खरं वाटलंय का हो? एकदा तरी?"

मी इंदापूरचं सगळं सांगितलं. कावळा, निरोप, कुरडया, सगळं. सर पुढं वाकून ऐकायला लागले. सांगून झाल्यावर म्हणाले, "करून दाखवा. या बाई म्हणजे तुमची आत्या. या, उठा."

मला त्या वेळी फक्त जळोची दिसत होतं. मी त्या बाईंसमोर जाऊन बसले, त्यांच्या हातांकडं बघितलं आणि म्हटलं, "आत्या, हात धुऊन घे. पणदऱ्याला जायचंय." चांगलं म्हटलं. मला माहीत आहे चांगलं म्हटलं, कारण कागदवाल्यांचा हातसुद्धा थांबला. बाई माझ्याकडं बघत होत्या, अगदी टक लावून, कौतुकानं. आणि कोरड्या डोळ्यांनी.

तेव्हा मला एकदम लक्षात आलं. निरोप मी सांगून बसले होते. या वेळी कावळा नाही, काही नाही, माझ्या तोंडानं मी आबांचं मरण सांगितलं होतं, आणि समोर रक्ताचं माणूस नव्हतं. कोणी रडत नव्हतं. सर काहीतरी लिहीत होते. आत्ता या घडीला आबा विहिरीवर असतील, ओल्या पायांनी मोटर चालू करत असतील. मी त्या बाईंचा हात धरला. "बाई, रडा ना."

"काय?"

"रडा हो. कोणीतरी रडायला पाहिजे. नाहीतर उलटतं ते."

त्यांना वाटलं, पुढचा भाग सुरू झाला. त्या मान हलवून, "हं, चालू द्या," म्हणाल्या. मग मला काही सुधरेना. इथं आबांच्या रक्ताचं माणूस मीच होते. मी तिथंच खाली बसले आणि रडले. उतारा म्हणताना न आलेलं, गाडीत सराव करून न आलेलं, सगळं आलं. "आबा," म्हणून हाक मारली, त्यांच्या पांढऱ्या तळपायांवरून रडले, डबा दिला त्या हातावरून रडले, आणि मधेच डोळे उघडून फरशीवर आसवं पडली का तेही बघितलं. सर "थांबा आता" म्हणाले तरी थांबता येईना. बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला.

मी शांत झाल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आवाज आहे. धीर आहे. शेवटी जरा ताणलंत, ते कमी करायला शिकाल." मी म्हटलं, "व्हय." दुसरं काय म्हणणार? पुढं जन्मभर मी स्टेजवर रडले, शिकवलं, शिकवून रडवलं. पण शेवटी ताणलं असं मला फक्त त्या दिवशी सांगण्यात आलं, आणि त्या दिवशी मी नाटक करत नव्हते.

दुपारनंतर निवडलेल्यांची नावं वाचून दाखवली. माझं शेवटून दुसरं होतं. शेजारची पोरगी माझ्या गळ्यात पडली. मी तिला बाजूला सारलं आणि फोन शोधायला पळाले. गावात फोन एकच, डेअरीत. लागेना. परत लावला, लागेना. बूथवाला वैतागला. शेवटी मिळेल ती गाडी धरली, ती मोरगाववरून जाणारी निघाली. सगळी वाट मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसले होते. मोरगावला गाडी थांबली, तिथं देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि देवाशी सौदा केला, की नको मला ते नाटक, आबा दिसू देत. खरंच म्हणाले असं. बारामतीच्या स्टँडवर पणदऱ्याची गाडी लागलेली होती. ती सुटेपर्यंत कंडक्टरला मी इतक्या वेळा विचारलं, की तो म्हणाला, "ताई, तूच चालीव."

फाट्यावर गाडी थांबली तेव्हा दिवस कलला होता. आबा सायकल धरून उभे होते. उतरल्या उतरल्या मी त्यांचा हात धरला. ते बावचळले, आमच्यात असं कोणी कोणाचा हात धरत नाही.

"काय झालं? न्हाय घेतलं?"

"घेतलं."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातला डबा काढून घेऊन हँडलला अडकवला. आम्ही चालायला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, पाटाला पाणी सोडलेलं. थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "काय करून दावलंस?"

खोटं सांगावं असं मनात आलं. पण त्या दिवशी माझ्यात खोट्याला बळ उरलं नव्हतं. "आत्याचं करून दाखवलं," मी म्हटलं. "तुम्ही गेलात म्हणून सांगितलं."

आबा थांबले. सायकल थांबली. मला वाटलं, आता रागावतील, माझ्यावर पहिल्यांदा. त्यांनी विचारलं ते इतक्या हळू, की मला जवळ जावं लागलं.

"रडलं का कोण?"

"मी रडले आबा. मीच रडले. लई रडले."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, सुजलेल्या डोळ्यांकडं. मग टोपी काढून टाळूवरची खपली चाचपली, परत टोपी घातली आणि सायकल पुढं ढकलली.

"मंग झालं तर," म्हणाले. "उद्या जळोचीला मी सोता जातो सांगायला. तू नगं येऊस. तुझा निरोप लोकास्नी लई खरा वाटतो."